उशाचा दिवा निवडताना: दहा बाय दहाच्या बेडरूमसाठी

आपल्याकडच्या बहुतेक बेडरूममध्ये उजेडाची सोय बिल्डरने करून दिलेली असते आणि तीच वर्षानुवर्षं चालते. दारापाशी स्विचबोर्ड, भिंतीवर ट्यूब, छताला पंखा आणि एका कोपऱ्यात झिरोचा बल्ब. अंथरुणावर आडवं झाल्यावर ‘लाइट कोण घालवणार’ हा वाद रोजचाच. मग कधीतरी दुकानात एखादा छानसा टेबल लॅम्प दिसतो, तो घरी येतो आणि तेव्हा कळतं की पलंगाशेजारी प्लगच नाही.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी मापं, मग प्लग, मग बल्ब, आणि दिवा त्यानंतर. उशाच्या दिव्याकडून दोनच अपेक्षा ठेवायच्या. तो लावायला-घालवायला अंथरुणातून उठावं लागू नये आणि तो लावल्यावर शेजारी झोपलेल्याची झोप मोडू नये. यात जो दिवा बसत नाही तो कितीही देखणा असला तरी दुकानातच राहू द्या.

१. आधी टेप घ्या

तीन मापं कागदावर लिहा: उशाकडच्या भिंतीची लांबी, गादीसकट पलंगाची उंची आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंना उरणारी जागा.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बेडरूम दहा बाय दहा, फार तर दहा बाय बारा. क्वीन साइज गादी पाच बाय साडेसहा फूट, किंग सहा बाय साडेसहा. ही मापं गादीची. पलंगाची चौकट दोन्हीकडून एक-दोन इंच जास्तच असते. दहा फुटांच्या भिंतीला किंग पलंग आणि त्याच भिंतीच्या टोकाला दोन फूट खोल कपाट असेल, तर उरलेले दोन फूट कपाटाचं दार उघडायलाच जातात. दुसऱ्या बाजूला पलंग भिंतीला चिकटतो. क्वीन घेतला तर कपाटाकडे दोन फूट सोडूनही दुसऱ्या बाजूला जेमतेम फूटभर मिळतं. तेवढ्यात दहा-अकरा इंच रुंदीचं टेबल बसतं.

दोन्हीकडे सारखी टेबलं आणि सारखे दिवे ही जोडी फोटोत छान दिसते, पण लहान खोलीत तिच्या मागे लागू नका. एका बाजूला टेबल आणि लॅम्प, दुसऱ्या बाजूला भिंतीवरचा दिवा आणि त्याखाली चष्मा-फोन मावेल एवढी फळी, हे अगदी चालतं. दोन्हीकडच्या उजेडाचा रंग मात्र एकच ठेवा.

टेबलाची उंची गादीच्या वरच्या पातळीइतकी हवी, किंवा एक-दोन इंच खाली. स्टोरेजचा पलंग आणि वर आठ इंची गादी असेल तर ही पातळी बरीच वर जाते आणि तयार मिळणारं टेबल खुजं पडतं. अंधारात पाण्याचा तांब्या चाचपडताना त्याचा अर्थ कळतो.

२. प्लग आणि स्विच

खरं काम इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

पलंगाच्या एका बाजूला रात्री काय काय लावलं जातं ते मोजा. फोनचा चार्जर, मच्छरचं मशीन, दिवा. कुणाकडे यात घड्याळाचा चार्जर, कुणाकडे श्वासाचं यंत्र. म्हणजे एका बाजूला किमान तीन सॉकेट. बिल्डर देतो एक, आणि तेही नेमकं हेडबोर्डच्या मागे.

घराला रंग द्यायचा असेल तर रंगाच्या आधी वायरमनला बोलवा. त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, पलंगाच्या दोन्ही बाजूंना ६ अँपियरचे बोर्ड, गादीच्या वर सहा-आठ इंच आणि हेडबोर्डच्या कडेपासून बाहेर, म्हणजे हात सहज पोहोचेल. दुसरी, खोलीच्या मुख्य दिव्याला टू-वे स्विच. जिन्यातला दिवा खालूनही लागतो आणि वरूनही विझतो, तीच जोडणी इथे: एक स्विच दारापाशी, एक उशाशी. जमलं तर पंख्यालाही तसंच करून घ्या, पहाटे गारठा वाटला की उपयोग कळेल. सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त समाधान हा एक स्विच देतो, असं माझं मत आहे. दिवा नंतर घेतला तरी चालेल.

भिंत कशाची आहे हे वायरमनला आधी पाहू द्या. जुन्या इमारतीतल्या विटांच्या भिंतीत झिरी मारून पाइप दडवता येतो. नव्या टॉवरमध्ये मायव्हान पद्धतीच्या भिंती असतात, म्हणजे अख्खी भिंत काँक्रीटची आणि इमारतीचं वजन पेलणारी. तिला झिरी मारायची नसते; सोसायटीही परवानगी देत नाही आणि देऊही नये. तिथे केसिंग-कॅपिंगची पट्टी, म्हणजे वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी, भिंतीवरून न्यायची किंवा हेडबोर्डच रुंद करून वायर त्याच्या मागून फिरवायची. सुताराला हे आधी सांगितलं तर तो हेडबोर्डमध्येच बोर्डाची जागा कापून देतो. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीत साधा खिळा धरत नाही, त्यासाठी लांब फास्टनर लागतात.

भाड्याच्या घरात हे सगळं जमत नाही. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट अडकलेलं आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. तिथे चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या, ज्याला स्वतःचा स्विच आणि फ्यूज आहे, आणि तो टेबलाच्या मागच्या पायाला बांधून टाका. हेडबोर्डला चिमट्याने अडकणारा दिवा भाडेकरूंसाठी सगळ्यात सोयीचा. घर सोडताना काढला की मागे काही खूण राहत नाही. गादीखालून किंवा सतरंजीखालून वायर नेऊ नका. दाबली जाऊन आतली तार तुटते आणि तापते. सॉकेट-स्विचवर आयएसआय मार्क पाहूनच घ्या, आणि धातूच्या दिव्याला तीन पिनांचाच प्लग हवा.

३. बल्ब: वॅट सोडा, केल्विन बघा

दुकानदार वॅट विचारतो. तुम्ही त्याला रंग सांगा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो: ६५०० म्हणजे कूल डेलाइट, पांढराफटक, निळसर झाक असलेला, ४००० म्हणजे मधला, ३००० आणि २७०० म्हणजे वॉर्म व्हाइट, जुन्या पिवळ्या बल्बसारखा. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात न विचारता हातात पडतो तो ६५००चा, कारण ‘पांढरा म्हणजे जास्त उजेड’ हे डोक्यात पक्कं बसलं आहे. स्वयंपाकघरात तो ठीक आहे. उशाशी २७०० घ्या, नाहीच मिळाला तर ३०००.

हा निव्वळ आवडीचा प्रश्न नाही. पांढरा एलईडी मुळात निळ्या प्रकाशाचा असतो, त्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेडात निळा भाग जास्त. आणि डोळ्यांत काही पेशी अशा आहेत की त्यांना सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाने ‘दिवस आहे’ असा निरोप जातो. मग झोप आणणारं मेलॅटोनिन तयार होण्याचं काम मंदावतं. पिवळ्या उजेडात निळा भाग कमी, म्हणून रात्री तो बरा. पिवळा दिवा लावून त्याखाली तासभर फोन बघत बसलात तर मात्र हिशेब फिसकटलाच.

उजेड किती, हे ल्युमेनमध्ये मोजतात. तीन वॅटचा एलईडी साधारण अडीचशे ते तीनशे ल्युमेन देतो, पाच वॅटचा साडेचारशे-पाचशे, नऊ वॅटचा आठशेच्या वर. वाचणार असाल तर पाच वॅट पुरे, नुसता मंद उजेड हवा असेल तर तीन. नऊ वॅट उशाशी लावला की शेजारचा माणूस कूस बदलून पांघरूण डोक्यावर घेतो. वयस्कर डोळ्यांना मात्र वाचायला जास्त उजेड लागतो. त्यांच्यासाठी वॅट वाढवण्यापेक्षा दिवा पुस्तकाच्या जवळ आणा.

बल्बच्या टोपीकडे, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या टोकाकडे, लक्ष द्या. आपल्या घरातले होल्डर पिनचे, म्हणजे बी-२२. आयात केलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या दिव्यांना बहुतेकदा आट्यांचा बल्ब लागतो: मोठा ई-२७, बारीक ई-१४. नवी मुंबईत तुर्भ्याच्या आयकियातून दिवा आणलात तर त्यालाही आट्यांचाच बसणार, तेव्हा बल्ब तिथूनच उचला. कोपऱ्यावरच्या दुकानात ई-१४ मिळेलच असं नाही. दिव्यावर ‘कमाल ४० वॅट’ लिहिलं असेल तर ती मर्यादा उष्णतेची असते. पाच वॅटचा एलईडी तिच्या कितीतरी खाली राहतो.

आणखी दोन तपासण्या. खोक्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. मग बल्ब लावायला सांगा आणि फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून त्याच्यावर धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारं सर्किट, हलक्या प्रतीचं असेल तर उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात. असा बल्ब वाचनाला नको.

स्विच मारला की रंग बदलणारे ‘थ्री-इन-वन’ बल्ब हल्ली खूप खपतात. दिवाणखान्यात ठीक, पण मध्यरात्री पाणी प्यायला उठून स्विच मारावा आणि नेमका पांढरा रंग लागावा, हे उशाशी नको. उजेड कमीजास्त करायचा असेल तर खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब आणि त्याच्या जोडीचा डिमर घ्या. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडणारे महाभाग आहेत. तसं करू नका.

४. उंची ठरवायची मोबाइलच्या टॉर्चने

हे काम दोघांनी करायचं आणि रात्रीच करायचं. एकाने पलंगावर नेहमी वाचतो तसं बसायचं, पाठीला उशी, हातात पुस्तक. दुसऱ्याने मोबाइलचा टॉर्च लावून तो एका पातळशा पांढऱ्या कागदाच्या सुरळीत धरायचा. कागदाने उजेड पसरतो आणि सुरळी शेडसारखी दिसते. खोलीतले बाकीचे दिवे घालवा आणि सुरळी गादीच्या पातळीपासून हळूहळू वर न्या.

खाली असेल तोवर उजेड टेबलावर पडतो आणि पान अंधारात राहतं. फार वर गेला की सुरळीच्या खालच्या तोंडातून टॉर्च थेट डोळ्यांत येतो. मधे एक जागा सापडते जिथे पान पूर्ण उजळतं आणि टॉर्च दिसत नाही. ही जागा बहुतेकांच्या बाबतीत हनुवटी ते खांदा या पट्ट्यात येते. तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण करा. शेडची खालची कड या खुणेवर यायला हवी. आता सुरळी टॉर्चसकट खुणेपाशी कशावर तरी टेकवून ठेवा, बसलेल्याला आडवं व्हायला सांगा, आणि तुम्ही पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन झोपा. दोघांपैकी कुणालाही टॉर्च दिसला तर सुरळी थोडी खाली किंवा भिंतीकडे सरकवा, पुन्हा बघा. खुणेची जमिनीपासून उंची आणि टेबलापासून उंची, दोन्ही लिहून ठेवा. दुसरी उंची घेऊनच दुकानात जायचं. शेडच्या खालच्या कडेपर्यंत लॅम्प तेवढाच उंच हवा. तिथे ‘हा छोटा गोड दिसतोय’ असं कुणी म्हणालं तरी आकडा सोडायचा नाही.

जोडीदार लवकर झोपणारा असेल तर शेडपेक्षा मान वळवता येणारा वाचनाचा दिवा घ्या, ज्याचा झोत फक्त पुस्तकावर पडतो.

५. टेबलावर, भिंतीवर की छतावरून

टेबल लॅम्प सगळ्यात सोपा, वायरमन लागत नाही. पण तो टेबलाची निम्मी जागा खातो आणि लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर पडतो. बूड जड असलेला घ्या. स्विच दिव्यावर किंवा वायरच्या दिव्याजवळच्या भागात हवा. वायरच्या मध्यावर असेल तर तो पलंगाच्या मागे जाऊन पडतो आणि पुन्हा शोधाशोध.

भिंतीवरचा दिवा लहान खोलीला माझ्या मते सगळ्यात चांगला. टेबल मोकळं राहतं, उंची एकदा बरोबर बसली की हलत नाही. दोघांचे स्विच वेगळे ठेवा.

छतावरून लोंबणारा दिवा मासिकांत दिसतो आणि सगळ्यांना हवा असतो. आपल्याकडे मधे पंखा येतो. नेहमीच्या पंख्याचा व्यास १२०० मिलिमीटर, म्हणजे चार फूट. दहा फुटी खोलीत त्याच्या पात्यांचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर फिरतं. उशाशी लोंबणारा दिवा पात्यांना लागत नाही, पण वाऱ्याने डुलतो आणि त्याच्याबरोबर भिंतीवरच्या सगळ्या सावल्या डुलतात. लावायचाच असेल तर वजनदार, काचेचा किंवा धातूचा घ्या. कागदी कंदील नको. आणखी एक: पात्यांच्या वरच्या पातळीवर कुठलाही दिवा असेल तर फिरती पाती त्याचा उजेड कापत राहतात आणि खोलीभर लखलख होते. फॉल्स सीलिंगमधले दिवे पंख्याच्या थेट वर येऊ देऊ नका.

मच्छरदाणी लावत असाल तर ती लावून, खोचून, मग दिव्याची जागा पक्की करा. जाळी दिव्याला टेकता कामा नये, आणि स्विच जाळीच्या आतून हाती लागायला हवा. नाहीतर लाइट घालवायला जाळी उचलायची आणि डास आत घ्यायचे.

हेडबोर्डच्या मागे एलईडी पट्टी लावायची फॅशन आहे. वाचायला तिचा उपयोग नाही, पण खोली मोठी भासते. पट्टी उघडी लावू नका. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलमध्ये दुधी झाकण लावून घ्या. नुसत्या चिकटपट्टीवर लावलेली पट्टी पावसाळ्यात सुटते. तिचा ड्रायव्हर असा ठेवा की बिघडला तर पलंग न मोडता काढता येईल.

६. शेड आणि पावसाळा

शेडचं कापड आतून पांढरं किंवा फिकट असेल तरच उजेड बाहेर येतो. खणाच्या कापडाची शेड फार सुंदर दिसते, पण गडद खण निम्मा उजेड गिळतो. आतून पांढरं अस्तर लावून घ्या आणि ती बाजूच्या मंद दिव्याला वापरा, वाचनाला नाही.

मुंबई-कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कागदाला, बांबूला, ज्यूटला बुरशी धरते. तिथे काच, चिनीमाती, सुती कापड बरं. सुती शेड काढून धुता येते का, हे विचारा. लोखंडी बुडाला गंज चढतो आणि टेबलावर तांबूस वर्तुळ उमटतं. पावडर कोटिंग असलेलं घ्या किंवा खाली फेल्ट चिकटवा. पितळ काळवंडतं, पण चिंचेने घासलं की पुन्हा उजळतं, त्यामुळे ज्याला ते काम आवडतं त्याने खुशाल घ्यावं. देशावर बुरशीपेक्षा धूळ त्रास देते. तिथे चुण्यांची शेड टाळा.

बांबूच्या शेडसाठी इंटेरियरच्या दुकानात जायची गरज नाही. गावच्या बुरुड आळीत जा आणि भिंतीवर किती सावली हवी ते ठरवून वीण निवडा: घट्ट की विरळ. बुरडाकडे खोलगट टोपली सांगितली की तो बुडाला होल्डरपुरतं भोक ठेवून विणून देतो. विरळ विणीतून भिंतीवर जाळी पडते, तीच शोभा.

७. झिरोचा बल्ब

जुना झिरोचा बल्ब नावाला झिरो, प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॅट खायचा. पंधरा वॅट, रोज आठ तास, महिन्याला ३.६ युनिट. आता अर्ध्या वॅटचा एलईडी त्याच वेळात ०.१२ युनिटमध्ये भागवतो, त्यामुळे पैशांसाठी तो बंद करायची गरज उरली नाही. झोपेसाठी मात्र विचार करा. आपल्याकडे निळा झिरो फार लाडका आहे, आणि वर पाहिलं त्याप्रमाणे रात्री निळाच नको असतो. पिवळा किंवा लाल लावा, आणि वर न लावता खाली, गुडघ्याच्या उंचीच्या प्लगमध्ये.

घरात आजी-आजोबा असतील आणि रात्री दोनदा उठत असतील तर पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर चाहूल लागताच लागणारे सेन्सर दिवे बसवा. पाय टेकले की जमीन दिसली पाहिजे, डोळे दिपता कामा नयेत. लोडशेडिंगच्या गावात उशाशी चार्जिंगचा एक दिवा लागतोच.

८. सजावट: दिवा लागल्यावर काय दिसतं ते बघा

खोली सजवताना आपण दिवसा बघतो, आणि बेडरूम वापरतो रात्री. गादीवर टाकायची चादर, भिंतीचा रंग, फ्रेम हे सगळं निवडताना दिवा लावून पाहा. वारलीचं चित्र गेरूच्या पार्श्वभूमीवर असेल तर पिवळ्या उजेडात तो तांबडा रंग उबदार दिसतो, पांढऱ्याफटक उजेडात मातकट. सोलापुरी चादरीचे लाल-मरून, गोधडीचे तुकडे यांचंही तसंच. निळे-राखाडी पडदे मात्र २७०० केल्विनखाली मळकट दिसू शकतात. पडद्याचा नमुना घरी आणून रात्री बघा, दुकानदार देतात.

चकचकीत सनमायकाचा हेडबोर्ड किंवा ऑइल पेंटची भिंत असेल तर दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येतं, मॅट घ्या. पलंगासमोर आरसा नको असं वास्तुवाले सांगतात. त्यांची कारणं त्यांच्यापाशी, पण आरशात उशाचा दिवा दिसून शेजारच्याच्या तोंडावर उजेड येतो हे खरंच आहे. काचेच्या फ्रेमचंही तेच. उशावर जड फ्रेम टांगूच नका. कापडाची, हलकी चौकट पुरे.

टेबलावर दिवा, तांब्या-भांडं, चष्मा आणि एक पुस्तक. पाचवी वस्तू ठेवायच्या आधी चारांपैकी एक उचला. औषधं खणात जाऊ द्या.

९. खरेदीला जाताना

मुंबईत विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली. तिथे स्विच, वायर, होल्डर, बल्ब एकाच फेरीत होतात. जुने पितळी दिवे मुंबईच्या चोर बाजारात मिळतात, पण त्यांची वायर आणि होल्डर घरी आणल्यावर बदलून घ्यायचेच. मातीचं किंवा चिनीमातीचं बूड हवं असेल तर धारावीचा कुंभारवाडा बघा.

सोबत टेप, खुणेचा आकडा आणि घरच्या होल्डरचा फोटो असू द्या. दिवा निवडला की त्यात २७०० केल्विनचा पाच वॅटचा बल्ब बसवून लावायला सांगा, आणि दुकानातल्या एखाद्या स्टुलावर बसून तो गादीवरून दिसेल त्या उंचीवरून बघा. स्विच दहा-बारा वेळा दाबा. बूड उलटं करून वायर कुठून बाहेर येते ते पाहा. भोकाच्या कडेला रबरी बुच नसेल तर धातूची धार वायर कापते. बिलावर वॉरंटी लिहून घ्या, आणि नुसती शेड वेगळी मिळते का ते तिथेच विचारा, कारण पहिल्यांदा जाते ती शेडच.